वाचकांचे प्रश्न : स्पार्कस्टेशन आणि परवाना नाकारणारा फ्रेममेकर

प्रश्न : माझ्याकडे सन कंपनीचे स्पार्कस्टेशन २० हे जुने वर्कस्टेशन आहे आणि त्यावर सोलारिस २.६ ही कार्यप्रणाली चालते. पूर्वी तयार केलेल्या काही माहितीपुस्तिका मूळ स्वरूपात उघडता याव्यात म्हणून मी मूळ सीडीवरून फ्रेममेकर ५ हा दस्तऐवज-मांडणीचा प्रोग्रॅम बसवला. फायली विनातक्रार उतरतात. प्रोग्रॅम सुरू केला की मात्र 'परवाना या यंत्रासाठी नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. परवान्याचा छापील कागद याच यंत्राबरोबर आलेला आहे, पण त्यावर मुदतीच्या जागी '१ जानेवारी ००' असे लिहिले आहे. तीनदा पुन्हा बसवून पाहिले. यंत्र सुरू होताना आयडीप्रॉममधील (यंत्राची ओळख साठवणाऱ्या स्मृतीतील) मजकूर अवैध असल्याची एक ओळ दिसते आणि नेटवर्कही जोडले जात नाही, पण त्याचा या प्रोग्रॅमशी काय संबंध असणार? सीडी खराब असेल का?

उत्तर : सीडी खराब असती तर फायली उतरतानाच तक्रार झाली असती. ज्या ओळीकडे आपण दुर्लक्ष केले, तिच्यातच सारे उत्तर आहे.

फ्रेममेकरचा परवाना फ्लेक्सएलएम या व्यवस्थेतून तपासला जातो, आणि ती व्यवस्था यंत्राला त्याचा 'होस्टआयडी', म्हणजे ओळखक्रमांक, विचारते. स्पार्कस्टेशन २० मध्ये हा क्रमांक मदरबोर्डवरील एम४८टी०८ या चिपमध्ये असतो. घड्याळ, थोडी स्मृती आणि ती जिवंत ठेवणारी बॅटरी असे तिन्ही या एकाच चिपमध्ये बंदिस्त केलेले असते. बॅटरीचे आयुष्य साधारण १० वर्षांचे आणि हे मॉडेल १९९४ सालचे, तेव्हा ती केव्हाच संपली असणार. बॅटरी संपली की होस्टआयडी, इथरनेटचा पत्ता आणि तारीख ही तिन्ही एकदम जातात. आपले नेटवर्क जोडले जात नाही तेही यामुळेच. यंत्र आपली ओळख विसरले आहे, त्यामुळे परवाना त्याला परके समजतो, आणि प्रोग्रॅम तीसदा बसवला तरी त्यात फरक पडणार नाही.

मुदतीची काळजी करू नये. फ्लेक्सएलएमच्या लेखी वर्षाच्या जागी शून्य म्हणजे कायमचा परवाना. ती तारीख २००० सालची समजून चांगले परवाने रद्दीत टाकणारे लोक आहेत. आपण कागद जपून ठेवलात हे उत्तम केले, कारण हरवलेला होस्टआयडी त्याच कागदावर आहे. 'सर्व्हर' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत यंत्राच्या नावानंतर आठ हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ) अंक दिसतील. त्यांतले पहिले दोन यंत्राचा प्रकार सांगतात. ते ७२ असतील तर परवाना स्पार्कस्टेशन १० किंवा २० या कुळातील यंत्राचा आहे, असे समजावे. उरलेले सहा अंक हा आपल्या यंत्राचा अनुक्रमांक.

आता चिपविषयी. ती खोबणीत बसवलेली असते, त्यामुळे सोल्डरचे जोड सोडवावे लागत नाहीत. फक्त काढण्यापूर्वी तिची खाच कोणत्या बाजूला आहे हे टिपून ठेवावे आणि चिपवर चिकटपट्टी असल्यास तिच्यावरील अंक उतरवून घ्यावेत. नवी चिप घेताना ती खरोखर अलीकडे तयार झालेली असावी. न वापरलेली पण जुन्या साठ्यातली चिप घेण्यात अर्थ नाही, कारण तिच्यातली बॅटरी कपाटात पडल्यापडल्याही म्हातारी होते. काही हौशी मंडळी जुन्या चिपचे वरचे आवरण कोरून बाहेरून ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल जोडतात. हा उपाय चालतो, पण हात स्थिर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

चिप बसवल्यावर यंत्र सुरू करून 'स्टॉप' आणि 'ए' या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे 'ओके' ही खूण येते. येथील आज्ञा फोर्थ भाषेच्या वळणाच्या असल्यामुळे आधी किंमत, मग जागा आणि शेवटी क्रियापद असा क्रम असतो. आपल्या मराठी वाक्यासारखाच म्हणा ना. '१ ० एमकेपी' याचा अर्थ, एक ही किंमत शून्य क्रमांकाच्या जागी लिही. मग '७२ १ एमकेपी' लिहून यंत्राचा प्रकार नोंदवावा. एकूण १६ बाइट भरायचे असतात. पहिल्या दोन बाइटनंतरचे सहा इथरनेटच्या पत्त्याचे असून सनच्या यंत्रांत त्यांची सुरुवात ८, ०, २० अशी होते. पुढचे चार निर्मितीच्या तारखेचे. तेथे शून्य लिहिले तरी चालते. त्यापुढचे तीन अनुक्रमांकाचे, म्हणजे कागदावरचे ते सहा अंक जोडीजोडीने. शेवटचा बाइट पडताळणीचा असतो आणि तो आधीच्या पंधरा बाइटांची एक्सऑर ही बिटवार क्रिया करून मिळतो. तो चुकला तर तीच अवैधतेची ओळ पुन्हा दिसेल, म्हणून घाई न करता तो दोनदा तपासावा.

सोलारिस सुरू झाल्यावर प्रथम तारीख लावावी. नव्या चिपमधील घड्याळ बॅटरी वाचावी म्हणून कारखान्यातच थांबवलेले असते. त्यानंतर 'होस्टआयडी' ही आज्ञा देऊन अंक कागदाशी ताडून पाहावेत. ते जुळल्यावरच परवान्याच्या फाइलकडे वळावे. यंत्राचे नाव बदलले असेल तर सर्व्हरच्या ओळीतील नाव खुशाल बदलावे, पण होस्टआयडी किंवा शेवटची सांकेतिक अक्षरे यांतले एक अक्षरही हलवू नये, कारण ती दोन्ही एकमेकांशी बांधलेली असतात. मग परवान्याचा सर्व्हर सुरू करून फ्रेममेकर उघडावा. चौथ्यांदा बसवण्याची गरज पडणार नाही.

प्रश्न : याच पुस्तिका आजच्या संगणकावर न्यायच्या असतील तर?

उत्तर : फ्रेममेकर चालू झाला की प्रत्येक दस्तऐवजाची एक प्रत एमआयएफ या स्वरूपात जतन करावी. मूळ फाइल द्विमान (बायनरी) स्वरूपाची असते, तर एमआयएफ हा निव्वळ मजकूर असल्याने कोणत्याही संपादकात उघडतो. त्यात कोनी कंसांच्या उतरंडीत परिच्छेद, त्याच्या आत ओळ आणि तिच्याही आत 'स्ट्रिंग' असे लिहून शब्द ठेवलेले दिसतील. प्रत्येक स्ट्रिंग उलट्या अवतरणचिन्हाने सुरू होते आणि साध्या चिन्हाने संपते, तेव्हा तेवढा मजकूर वेगळा काढणारी छोटी आज्ञावली लिहिणे अवघड नाही. पानाची मांडणी जशीच्या तशी हवी असेल, तर तेथूनच पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतील फाइलमध्ये छपाई करून तीही सोबत ठेवावी.