सेन्सर चालतो, मॉड्यूलचा एलईडीपण पेटतो, तरी पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) खोक्यांचा काउंट कमी का येतो?

तुमचा सेटअप मला समजला तो असा. पॅकिंग लाइनवर 16 चॅनेलची आठ मॉडबस डिजिटल इनपुट मॉड्यूल (सेन्सरचे ऑन-ऑफ सिग्नल घेऊन पीएलसीला कळवणारे डबे), सगळी एकाच आरएस-485 केबलवर, म्हणजे सगळ्यांना सामाईक अशा डेटा केबलवर, सेकंदाला 9600 बिट या स्पीडला. बेल्ट मिनिटाला 30 मीटर, खोकं 15 सेंटिमीटरचं. काउंट कधी अगदी बरोबर तर कधी कमी, आणि व्हेंडर म्हणतोय मॉड्यूल खराब आहेत, सगळा सेट काढून प्रोफिनेटचा, म्हणजे इथरनेटवर चालणाऱ्या वेगवान नेटवर्कचा टाका.

मॉड्यूल बदलू नका, निदान आत्ता तरी नको. एलईडी प्रत्येक खोक्याला लागतोय म्हणजे सेन्सर, वायरिंग, 24 व्होल्ट आणि मॉड्यूलचं इनपुट सर्किट एवढं सगळं ठीक आहे. गडबड एलईडीच्या पुढे, म्हणजे ही माहिती पीएलसीपर्यंत किती वेळाने पोचते तिथे आहे. मी गेली बारा-तेरा वर्षं पॅनेल आणि पीएलसीचं काम करतोय, आणि या एका गोष्टीसाठी चांगली मॉड्यूल भंगारात गेलेली पाहिलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉडबस आरटीयूमध्ये, म्हणजे तुमच्या केबलवर चालणाऱ्या बोलण्याच्या पद्धतीत, मॉड्यूल स्वतःहून काही बोलत नाही. पीएलसी विचारते, ते उत्तर देतं, मग पुढच्याचा नंबर. 9600 ला एक बाइट जायला साधारण 1 मिलिसेकंद लागतो. प्रश्न 8 बाइटचा, 16 इनपुटचं उत्तर 7 बाइटचं, म्हणजे 15-16 मिलिसेकंद यातच गेले, शिवाय प्रत्येक फ्रेमनंतर, म्हणजे प्रश्नानंतर आणि उत्तरानंतरही, साडेतीन बाइटएवढी शांतता ठेवावी लागते तिचे मिळून 7 आणि मॉड्यूलला विचार करायला लागणारा थोडा वेळ, असे मिळून एका मॉड्यूलमागे 25 ते 30 मिलिसेकंद धरा. आठ मॉड्यूल म्हणजे 200 ते 240. म्हणजे तुमची पीएलसी त्या सेन्सरकडे सेकंदाला जेमतेम चार-पाच वेळा बघते, मधल्या काळात तिथे काय झालं ते तिला कळायला मार्गच नाही.

आता बेल्ट बघा. 30 मीटर मिनिटाला म्हणजे सेकंदाला 50 सेंटिमीटर. 15 सेंटिमीटरचं खोकं सेन्सरसमोर 300 मिलिसेकंद असतं, ते पीएलसीला दिसणारच. पण दोन खोक्यांमधली फट? 20 सेंटिमीटर असेल तर 400 मिलिसेकंद, तीही दिसते. पण पुढे टेपिंग मशीनपाशी जरा तुंबलं आणि मग खोकी एकामागे एक जवळजवळ चिकटून सुटली की फट होते 5 सेंटिमीटर, म्हणजे फक्त 100 मिलिसेकंद, आणि पीएलसी बघतेय 200-240 मिलिसेकंदांनी एकदा! फट निम्म्याहून जास्त वेळा निसटते आणि दोन खोकी मिळून एकच लांब खोकं मोजलं जातं. लोक सगळे ऑन पल्स केवढा आहे ते मोजत बसतात, ऑफ कोणी मोजत नाही, आणि काउंट खातो तो ऑफच. ऑन आणि ऑफ या दोन्ही वेळा पोलिंगच्या (सगळ्या मॉड्यूलना एकेक करून विचारण्याच्या) एका फेरीपेक्षा मोठ्या हव्यात, मी तर दुप्पट धरतो.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. दहा खोकी 30 सेंटिमीटर अंतराने सोडा, काउंट दहा आला पाहिजे. मग तीच दहा 5 सेंटिमीटर अंतराने सोडा. निम्म्याच्या आसपास आला तर कारण सापडलं. दोन्ही वेळा दहाच आला तर माझा अंदाज चुकला, मग प्रोग्रॅम बघावा लागेल.

उपाय म्हणून सगळे पहिलं बॉड रेट, म्हणजे केबलवरचा तो 9600 चा स्पीड, वाढवायला सांगतात. वाढवा, पण हिशोब करून. 38400 ला बाइट चौपट वेगाने जातात, पण 19200 च्या वर शांततेचा वेळ 1.75 मिलिसेकंदाच्या खाली येत नाही आणि मॉड्यूलचा स्वतःचा वेळही तेवढाच राहतो, त्यामुळे आठांची फेरी 100 मिलिसेकंदांच्या आसपास येते. म्हणजे तुमच्या फटीएवढीच. पुरणार नाही.

खरा उपाय म्हणजे मोजायचं काम मॉड्यूललाच द्या. बऱ्याच मॉडबस इनपुट मॉड्यूलमध्ये प्रत्येक चॅनेलचा काउंटर आतच असतो, मॅन्युअलमध्ये रजिस्टरचा (पीएलसीला वाचता येणाऱ्या आकड्यांच्या जागांचा) तक्ता काढून बघा. तो वाचला की पीएलसीने सेकंदाला एकदा विचारलं तरी खोकं चुकत नाही, कारण मोजणी मॉड्यूलमध्ये चालूच असते. फक्त शिफ्टच्या सुरुवातीला तो शून्य करत बसू नका, आधीचा आणि आत्ताचा आकडा यातला फरक घ्या, आणि 16 बिटचा असेल तर 65535 नंतर शून्यावर येतो ते प्रोग्रॅममध्ये सांभाळा. चमकदार टेपमुळे सेन्सर फडफडत असेल तर हा काउंटर जास्तही मोजेल, तेव्हा इनपुट फिल्टर 10-20 मिलिसेकंद ठेवा. काउंटर नसेल तर तेवढा एकच सेन्सर केबल टाकून पीएलसीच्या स्वतःच्या इनपुटला आणा, बाकी लाइन आहे तशी राहू दे.

प्रोफिनेटने प्रश्न सुटेल का? सुटेल, तिथे अपडेट काही मिलिसेकंदांतच होतो. नवीन लाइन उभी करत असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण एका सेन्सरसाठी आठही मॉड्यूल बदलायची गरज नाही.

दुसरी शंका, एका चॅनेलचा एलईडी सेन्सर बंद असतानाही मंद पेटतो. तो सेन्सर दोन वायरचा प्रॉक्सी (वस्तू जवळ आली की ऑन होणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर) असणार, बंद असतानाही त्यातून 0.8 मिलिअँपच्या आसपास करंट जातो, आणि टाइप 1 इनपुटला (इनपुटचा हा एक ठरलेला प्रकार) ऑफ स्थितीत 0.5 पर्यंतच चालतो. टाइप 3 ला 1.5 चालतो. तुमचं मॉड्यूल टाइप 1 चं असेल तर इनपुट आणि 0 व्होल्ट यांच्यात 4.7 किलोओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर लावा, व्होल्टेज 5 च्या खाली राहील आणि इनपुट नीट बंद होईल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण कृपया आजच बघा. मॉड्यूलने उत्तर दिलं नाही तर पीएलसीत बहुतेक वेळा जुनीच व्हॅल्यू पडून राहते, शून्य होत नाही. एका डेअरीत मी हे पाहिलंय, केबल टर्मिनलमधून निसटली, टाकी भरल्याचा सिग्नल आलाच नाही, पंप चालूच, आणि पहाटेपर्यंत सगळीकडे पाणी. तेव्हा प्रत्येक मॉड्यूलचा कम्युनिकेशन एरर बिट प्रोग्रॅममध्ये घ्या आणि तो आला की त्या मॉड्यूलच्या सिग्नलवर अवलंबून असलेली मोटर थांबवा. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत इमर्जन्सी स्टॉपची वायर तिसऱ्या मॉड्यूलवर गेलेली दिसतेय, ती तिथून काढून सेफ्टी रिलेला (सुरक्षेसाठीच्या खास रिलेला) थेट जोडा. काउंटचं काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल, हे आधी करा.