गावात जिम (गेमच्या नकाशावरची लढतीची जागा) नाही, तरी पोकेमॉन गो या मोबाइल गेममधला झॅपडॉस हा पोकेमॉन मिळेल का?

मिळतो ना भाऊ! झॅपडॉस पाच ताऱ्यांच्या रेडमध्ये, म्हणजे जिमवर मिळून करायच्या मोठ्या लढतीत, आला की नागपूर-अमरावतीच्या एखाद्या मित्राकडून आमंत्रण घ्या आणि दुरूनच रेडमध्ये शिरू देणारा रिमोट रेड पास वापरा. तालुक्याला जायची गरज नाही.

टीम मात्र विचार करून निवडा. तो विजेचाही आणि उडणाराही, त्यामुळे खडक आणि बर्फाचे वार त्याला झोंबतात. रायपीरियर, मॅमोस्वाइन हे पोकेमॉन उत्तम. त्यांना विजेचा मार कमी लागतो. ग्यारॅडोस अजिबात नको, दोन वारांत आडवा होईल.

जिमच्या ठिकाणी पाऊस असेल तर झॅपडॉसचे विजेचे वार आणखी जोरदार होतात, पण पकडल्यावर तो २० ऐवजी २५ लेव्हलचा मिळतो. म्हणून मी पावसातलीच रेड धरतो. आपल्याकडे विजा कडाडत असतील तर नेटवर्कसाठी धुऱ्यावर जाऊ नका, घरातूनच खेळा.