ममी खरी वाटायला हवी तर आधी तिचं अंग नीट करा

प्रश्न: ताई, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत यंदा मुलांनी ३१ ऑक्टोबरला हॅलोविन करायचं ठरवलंय आणि त्यांना लॉबीत माणसाच्या उंचीची ममी हवीय. मागच्या वर्षी टॉयलेट पेपर गुंडाळून केली होती, संध्याकाळी पावसाची सर आली आणि सगळा लगदा झाला. फार खर्च न करता नीट टिकेल अशी कशी करायची? शिवाय दोन-तीन आजी म्हणतायत की दिवाळीच्या तोंडावर दारात प्रेत कशाला, त्यांना काय सांगू?

उत्तर: टॉयलेट पेपर यंदा आणूच नका. तो कोरडा राहिला तरी पांढराशुभ्र दिसतो आणि खऱ्या ममीच्या लिननच्या पट्ट्या जुन्या होऊन मळकट तपकिरी झालेल्या असतात. पण कापडाच्याही आधी अंगाचं बघा. इजिप्तमधे देह नेट्रॉन नावाच्या खारात साधारण ४० दिवस ठेवून पूर्ण सुकवायचे, म्हणून ममी इतकी बारीक असते, आणि आपण घरी करतो तेव्हा जुन्या कपड्यात उशा कोंबतो मग ती गुटगुटीत होते आणि तिथेच सगळं फसतं.

सांगाड्याला बांबू घ्या किंवा प्लंबिंगच्या दुकानातून अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि टी-जॉइंट आणा. त्यावर रद्दी चुरगाळून ब्राउन टेपने घट्ट आवळत जा. पोट आत, बरगड्या थोड्या वर, खांदे अरुंद, गुडघे ठसठशीत. हात छातीवर फुली करून ठेवले की ती राजाची ममी वाटते कारण नंतरच्या काळातल्या फेरोंचे हात तसे बांधलेले सापडलेत. डोक्यासाठी फुगा फुगवून त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेले रद्दीचे तुकडे तीन-चार थरांत लावा आणि शेवटचे थर ओले असतानाच डोळ्यांच्या जागी आणि गालाखाली अंगठ्याने हलकेच दाबून खोलगट करा, फुगा फुटेल एवढा जोर नको. थर्माकोल आणू नका, डेकोरेशनसाठी तो आपल्याकडे २०१८ पासून बंद आहे.

आता कापड. सुतीच हवं, जुनं धोतर, पंचा, मऊ झालेली चादर, कारण पॉलिस्टर चहाचा रंग धरतच नाही. कडेला कात्रीने जेमतेम एक चीर द्या आणि मग हाताने टर्रकन फाडा, पट्टी चार बोटं रुंद. कापलेली कड सरळ येते, फाडलेल्या कडेला दशा सुटतात आणि जुनेपण त्या दशांमुळेच दिसतं. दोन लिटर पाण्यात आठ-दहा चमचे चहा पावडर खळखळून उकळा, गाळा, पट्ट्या चुरगाळून बोळा करून त्यात रात्रभर ठेवा आणि बोळ्यातच पिळून वाळवा, म्हणजे कुठे गडद कुठे फिका असा डागाळलेला रंग येतो. घरातला उरलेला साखर-दुधाचा चहा अजिबात नको, मुंग्या लागतील.

गुंडाळायला पायापासून सुरुवात करा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा, आणि मधेच दिशा बदलायची. किल्ल्यासाठी पोतं चिखलात बुडवून विटांवर टाकतो ना, तसंच इथे फेविकॉल आणि पाणी समसमान करून पट्ट्या त्यात भिजवून लावल्या की वाळल्यावर कडक होतात आणि जागच्या हलत नाहीत. फेविकॉल पाण्याने सुटतं, म्हणून ममी लॉबीत आतच ठेवा, पावसाची सर येईल अशा कडेला नको. शेवटचा थर मात्र कोरडा आणि सैल ठेवा, दोन-चार टोकं लोंबू देत. डोळ्यांच्या खळग्यात काळं कापड आणि सेलवरचे बारीक एलईडी. आत रद्दी, वर सुती कापड, त्यामुळे पणती, मेणबत्ती जवळपासही नको. खांबाला कमरेपाशी आणि मानेपाशी बांधा, नाहीतर लहान मूल ओढून अंगावर पाडेल.

आजींचं म्हणाल तर त्यांचं म्हणणं मनावर घ्या. सणासुदीला दारात प्रेतासारखं काही नको वाटणं साहजिक आहे, म्हणून मुख्य दारासमोर नको, आतल्या कोपऱ्यात ठेवा, वसुबारसेच्या आत उचला, आणि त्यांच्या घरातली जुनी साडी यासाठी मागू नका. पण त्यांना आणि मुलांना हेही सांगा की ममी भीती घालायला केलेली नसायची. माणूस मेल्यानंतरच्या जगात नीट पोचावा म्हणून साधारण ७० दिवस त्याची उस्तवार चालायची, हृदय शरीरातच ठेवायचे कारण तिकडे ते तराजूत तोललं जाणार अशी श्रद्धा होती, आणि पट्ट्यांच्या थरात ताईत खोचायचे, त्यात भुंग्याच्या आकाराचेही असायचे. मला वाटतं मुलांनी शाडूचे छोटे भुंगे करून तुमच्या ममीच्या थरांत खोचावेत, आजींनाही एखादा खोचायला द्या. बाहेरून दिसणार नाहीत, चालेल. आणि कोणी जयपूरला जाणार असेल तर अल्बर्ट हॉल म्युझियममधे खरी ममी आहे, मुलांना दाखवाच.

प्रश्न: हडपसरहून. मुलीच्या वर्गासाठी टेबलावर ठेवायच्या छोट्या ममी हव्यात, एका संध्याकाळात होईल असं सांगा.

उत्तर: रिकाम्या छोट्या बाटल्या आणि मेडिकलमधलं गॉज बँडेज घ्या. बँडेज चहात दहा मिनिटं बुडवून पिळा, ओलसर असतानाच फेविकॉल लावून गुंडाळा आणि पंख्याखाली ठेवा. डोळ्यांना दोन काळी बटणं, जरा वाकडीच लावा.