वाकलेला प्लाय सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) सपाट कसा धरायचा?

१८ मिमीचा ८ बाय ४ फुटी प्लाय मधोमध उचलला जातो आणि मशीनच्या बेडमधून (टेबलातून) हवा ओढणारं नुसतं व्हॅक्यूम त्याला खाली ओढत नाही, असं तुम्ही विचारलंय. लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये मशीन आहे माझं, एप्रिल-मे महिन्यात हे रोजचंच.

आधी प्लाय कसा ठेवलाय ते बघा. फुगीर बाजू वर हवी, म्हणजे कडा बेडला टेकतात आणि हवा कमी गळते. उलटा ठेवला की चारही कडांनी हवा आत शिरते, मग पंप कितीही बोंबलू दे. तरीही मध्ये पोकळ राहिलाच तर सरळ स्क्रू मारा, खाली बेडवर अंथरलेल्या एमडीएफमध्ये (दाबलेल्या भुशाच्या फळीत), वाया जाणाऱ्या जागेत. पण स्क्रूच्या जागा आधी ड्रॉइंगमध्येच खुणा करून ठेवा. मी एकदा अंदाजाने मारला, कापणारा बिट थेट स्क्रूच्या डोक्यावर गेला. ठिणगी उडाली, बिट दोन तुकडे.

झेडचा शून्य (बिटची खोली जिथून मोजायची ती पातळी) प्लायच्या माथ्यावर घेऊ नका, बेडवरून घ्या. नाहीतर एकीकडे आरपार जाईल आणि दुसरीकडे पापुद्रा राहील. छोट्या तुकड्यांना टॅब (न कापता सोडलेले छोटे जोड) ठेवा. डाउनकट बिट माल खाली दाबतो, अपकट उचलतो. पण डाउनकटमध्ये भुसा खाचेत अडकतो, म्हणून पास (बिटची एकेक फेरी) कमी खोलीचे घ्या.

आणि हो, प्लाय तापलेल्या पत्र्याला टेकवून उभा ठेवत असाल तर आजच आडवा करा. एक बाजू जास्त सुकते, तिथूनच बाक येतो.