आढ्यावरचा थेंब

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, एका खोलीत तीन इयत्ता आणि नोकरीचं पहिलंच वर्ष. “मुलं हुशार आहेत हो बाई, पण काही विचारलं की माझ्या तोंडाकडं बघत बसतात,” असं लिहिलंयस. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ती बघतात, कारण उत्तर तिथं असतं हे त्यांना ठाऊक झालंय. भुवई चढली की चुकलं, मान हलली की बरोबर. यात त्यांची काही चूक नाही, आपणच त्यांना तसं शिकवलंय.

आधी एक लहान काम कर. प्रश्न विचारलास की मनातल्या मनात तीनपर्यंत मोज आणि तोवर गप्प राहा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गातली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबायचे. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वर्गात उभं राहून मोजून बघ, फार जड जातात.

मी हे शिकले ते खोकल्यामुळं. पावसाळ्याचे दिवस, चौथीला नद्या चालल्या होत्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेकडं जात कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यातली म्हादई मात्र भीमगडच्या रानातून गोव्यात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. “शेजारच्या दोघी, मग वाटा उलट्या का?” असं विचारून मी लगेच फळ्यावर डोंगर काढायला वळले, तोच खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन होईस्तोवर वर्ग शांत होता. मागच्या रांगेत वर्षभर तोंड न उघडणारा एक मुलगा दारातून पागोळ्या बघत बसला होता. तो म्हणाला, “बाई, कौलावर बघा की. आढ्यावर पडल्यालं पाणी हिकडं बी येतंय, तिकडं बी जातंय.”

मी खडू खाली ठेवला. सगळी बाहेर गेलो, भिजलो, छपराकडं बघितलं. मग मी एवढंच विचारलं, “तर मग आपल्या तालुक्याचं आढं कुठं असंल?” त्यावर जे भांडण जुंपलं ते घंटा झाली तरी मिटलं नाही, आणि मीही मिटवलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून आले होते.

माझ्या हातून उलटंही झालंय, तेही सांगते. एका मुलीनं विचारलं होतं, “शेतात बी भात, ताटात बी भात. शेजारच्या कन्नड काकू शेतात भत्त म्हणतात, पोत्यात अक्की आणि ताटात अन्न. आपल्याकडं शब्द कमी हाईत का बाई?” कविता चालली होती. “हे नंतर,” म्हटलं मी. ते नंतर कधी आलंच नाही, आणि त्या वर्षात तिनं पुन्हा काही विचारलं नाही. मला आजही ते टोचतं. एका भाषेनं एकत्र ठेवलेलं दुसरी भाषा वेगळं करते, हे त्या सात वर्षांच्या पोरीनं स्वतः पकडलं होतं. आपल्या सीमाभागातल्या मुलांच्या कानावर दोन-तीन भाषा रोज पडतात, त्यामुळं असे प्रश्न इथं अंगणात उगवतात. आज ती समोर असती तर मी तीन वाट्या मांडल्या असत्या आणि आजीला विचारून ये म्हटलं असतं. आजीनं ‘साळ’ सांगितली असती, तांदूळ, कणी, पेज, लाह्याही सांगितल्या असत्या. मग शब्द कमी की जास्त, ते तिनंच ठरवलं असतं.

तुला आणखी एक प्रश्न येईल, तयार राहा. 1 नोव्हेंबर. शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी घरी काळा दिवस. “एकाच दिवशी सण बी आणि दुःख बी कसं, बाई?” माझं मत ठाम आहे, तुला ते ठाऊक आहे. तरी ते मुलाच्या तोंडात घालू नकोस, आणि दुसऱ्या बाजूच्या घोषणाही घालू नकोस. 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, एवढं सांग. मग म्हण, “आजोबांना विचार, आणि शेजारच्या अज्जांनाही विचार.” दोघांचं ऐकून आलेल्या मुलाला बोलू दे. हे सोपं नाही. पण याच प्रश्नावर आपण त्याला गप्प बसवलं, तर बाकीच्या प्रश्नांवर ते बोलेल कशाला?

पालक येतील आणि म्हणतील, पोरगं उलट बोलायला लागलंय. त्यांच्यापुढं मोठे शब्द वापरू नकोस. त्यांची भीती खरी आहे. विहिरीचा काठ, विजेची तार, साप, रस्ता, तिथं पोरानं ऐकलंच पाहिजे, वाद नाही, हे आधी सांग. मग सांग की ज्यात थोडंसंच नुकसान होईल असे निर्णय त्याच्याकडं द्या. परसातल्या एका वाफ्यात काय लावायचं, जत्रेतले दहा रुपये कशावर खर्चायचे. चुकलं तर चुकू द्या, आणि नंतर “मी सांगितलं होतं” म्हणू नका. हे शेवटचंच आयांना सगळ्यात अवघड जातं, मलाही जायचं.

आणि “तुला काय वाटतं?” हे विचारताना जपून. आपल्याला उत्तर येत नाही किंवा वेळ नाही म्हणून विचारलेलं मुलांना लगेच कळतं. खरंच ऐकायचं असेल तेव्हाच विचार.

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावला येशील तेव्हा एक वही घेऊन ये. मुलांनी विचारलेले प्रश्न त्यात त्यांच्याच शब्दांत उतरवलेले असू देत, न सुधारता. उत्तरं लिहू नकोस. दुपारभर बसून वाचू.

तुझी,
बाई