दुसरी गाडी घ्यायच्या आधी हे वाच भावा
तुझ्या ॲम्ब्युलन्स सेवेला देणगी आली म्हणून लगेच दुसरी ॲम्ब्युलन्स घ्यायचं खूळ डोक्यातनं काढ बघ, गाडी काय कुणीबी देतंय, पण डिझेल, इन्शुरन्स, टायर आणि रात्री तीनला उठणारा ड्रायव्हर कोण देणार? आधी ड्रायव्हर तीन पाळ्यांत बसव. आमच्याकडं एकदा ऑक्सिजनचा सिलिंडर फुल्ल होता पण तो उघडायची चावीच गाडीत नव्हती, पेशंट दारात, आम्ही पाना हुडकतोय! तवापासनं चावी दोरीनं सिलिंडरलाच बांधलीय. सरकारी १०८ ॲम्ब्युलन्सशी भांडू नको, ती लांब असंल तिथं तू जा. पेठेतल्या बोळात स्ट्रेचर वळत नाही, मजबूत चादर ठेव. आणि पूर, २०१९ ला कोल्हापूरबाहेर शिरोलीजवळ हायवेच बंद झालता, म्हणून पुढं दुसरी गाडी घेतलीस तर पावसाळ्यात एक नदीपलीकडं लाव.