फुल टँग सुरी खरंच जास्त मजबूत असते का? आणि ती जड का लागते?

मजबूत असते, हो. पण किती, ते जोर कुठल्या दिशेने लागतो यावर ठरतं. हौस म्हणून मी सुऱ्यांना मुठी बसवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

टँग म्हणजे पात्याचाच मुठीत गेलेला भाग. फुल टँगमध्ये तो मुठीइतकाच लांब-रुंद असतो आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकतात, म्हणून मुठीच्या कडेने पोलाद दिसतं. स्टिक टँगमध्ये मुठीच्या भोकात फक्त एक बारीक दांडी जाते.

आता वजन. टँग ११ सेंमी लांब, ३ मिमी जाड धरा. फुल टँगची रुंदी २५ मिमी, दांडीची ८. पोलादाच्या घनतेने हिशोब केला तर पहिला साधारण ६४ ग्रॅम भरतो, दुसरा २०. त्या जागी येणारं लाकूड तीन-चार ग्रॅमचंच, म्हणजे चाळीसेक ग्रॅमचा फरक. आणि तो सगळा मुठीत, त्यामुळे तोल मागे सरकतो. पुढून जड असलेली सुरी ज्यांना आवडते त्यांना हे खटकतं.

ताकदीचं गणित जास्त रंजक आहे. धारेच्या दिशेने घाव घालताना टँगची वाकण्याला टक्कर देण्याची ताकद रुंदीच्या वर्गाने वाढते, म्हणजे वरच्या मापांत जवळपास दहापट. पण सुरी आडवी पिरगाळून काही उचकटायला गेलात तर तीच रुंदी तिप्पटच फायदा देते. तिथे जाडीचा वर्ग मोजला जातो: ३ मिमीऐवजी ४ मिमी पोलाद घेतलं की ताकद पावणेदोनपट.

तरीही मुठीपाशी मोडलेली सुरी हातात आली की मी आधी कोपरा बघतो. पातं जिथे अरुंद होऊन दांडी सुरू होते, तिथे काटकोनी खाच असेल तर सगळा ताण तिच्या टोकाशी गोळा होतो. मोडलेल्या तोंडावर बऱ्याचदा कोपऱ्यालगत एक काळपट डाग असतो आणि बाकीचा भाग ताजा, चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी भेग, जिच्यात ओल शिरत राहिली. तोच कोपरा कानशीने गोल केलेला असता तर बारीक दांडीही निभावली असती. जपानी तलवारीचं पातं तर मुठीत बहुधा बांबूच्या एकाच खुंटीवर अडकवलेलं असतं.

फुल टँग हवी पण वजन नको, तर मध्यरेषेवर भोकं पाडलेली किंवा मागे निमुळती होत गेलेली टँग बघा. घाव घालताना मधल्या पोलादावर ताण सर्वांत कमी येतो आणि मुठीच्या शेवटाकडे तो उतरत जातो, त्यामुळे तिथलं पोलाद काढलं तरी फारसं बिघडत नाही. भोकं मात्र पात्याजवळच्या टोकाला नसावीत.

फक्त चिरण्या-कापण्यासाठी हवी असेल तर नीट बसवलेली स्टिक टँग बिनधास्त घ्या. हाडं तोडायची किंवा लाकूड फोडायचं असेल तर फुल टँगच घ्या, तीही जाड पात्याची.